ताळा आणि पोच

१९८३ च्या पावसाळ्यात आमच्या घरी एक तार आली. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. तार म्हटली की आधी रडारड आणि मग वाचन, असा त्या काळचा रिवाज होता. पोस्टमन कन्नड भाषिक, मोठा भला माणूस. त्यानेच ती अंगणात सायकल टेकवून वाचून दाखवली. काका अत्यवस्थ आहेत, ताबडतोब निघा, अशा अर्थाचा चार शब्दांचा इंग्रजी मजकूर होता. पाठविणारा माझा आतेभाऊ, पुण्यास नोकरीला असलेला. काका म्हणजे वडिलांचे चुलते. ते कोल्हापूरला असत आणि सारी गल्ली त्यांना काकाच म्हणे. वडील मिळेल त्या गाडीने निपाणीवरून कोल्हापूरला गेले. काका झोपाळ्यावर बसून अडकित्त्याने सुपारी कातरीत होते.

अत्यवस्थ होती ती अक्का, वडिलांची थोरली बहीण, धारवाडला. तिच्या शेजाऱ्यांनी आतेभावाच्या कचेरीत ट्रंक कॉल करून कळविले, त्याने आम्हाला तार केली आणि तो स्वतः निघाला. कोल्हापूरच्या झोपाळ्याशेजारी हा उलगडा होणे शक्यच नव्हते. वडील रात्री घरी परतले, दुसऱ्या दिवशी धारवाडहून माणूस आला, तेव्हा सगळे कळले. वडील पोचले त्या वेळी मंडळी स्मशानातून परतत होती.

अक्का हा शब्द रोमन अक्षरांत लिहिला तर ए, के, के, ए असा होतो. काका म्हणजे के, ए, के, ए. पहिल्या दोन अक्षरांनी जागा बदलल्या, एवढाच काय तो फरक. आतेभाऊ शपथेवर सांगे की मी अक्काच लिहिले होते. चूक त्याच्या घाईच्या हस्ताक्षरात झाली की वाटेत कोठे, हे कधीच ठरले नाही, आणि वडिलांनी ते ठरवू दिलेही नाही. त्यांनी ती तार ट्रंकेच्या तळाशी ठेवली ती ठेवलीच.

तारेत तपासणीची सोय नव्हती असे नाही. मजकुराआधी शब्दांची संख्या कळविली जाई आणि उतरून घेणाऱ्याने आपले शब्द त्या संख्येशी जुळवून पाहायचे असत. परंतु अक्का हाही एक शब्द आणि काका हाही एकच. अक्षरे चार आणि तीच. मोर्सच्या लिपीतील ठिपके नि रेघासुद्धा तितक्याच! मोजणीला चूक सापडणे शक्य नव्हते, कारण मोजणीच्या दृष्टीने चूक झालीच नव्हती.

हे सारे आता आठवण्याचे कारण मोबाइल. मी इतिहासाचा एम. ए.; विज्ञानाशी माझा संबंध वेळापत्रक लावण्यापुरता. पण दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकांनी मोकळ्या तासाला मला एक गोष्ट समजावून सांगितली आणि मी थक्क झालो. आपल्या खिशातला फोन टॉवरशी बोलतो तेव्हा शब्दागणिक विचारपूस चालते. मिळाले का? नीट मिळाले का? पुन्हा पाठवू का? या विचारपुशीचे नियम ठरलेले आहेत. त्यांना डेटा लिंक प्रोटोकॉल म्हणतात. संगणकांच्या आपसांतील व्यवहाराला सात मजल्यांच्या इमारतीची उपमा देण्याची पद्धत आहे. त्यातला हा दुसरा मजला. खाली प्रत्यक्ष तार किंवा वायुलहरी, वर आपले बोलणे, आणि मध्ये हा जागल्या. त्याचा इतिहास शोधत गेलो तो असा.

हिंदुस्थानात ओशॉनेसी या डॉक्टराने १८३९ साली कलकत्त्यास तारेचे प्रयोग केले आणि १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी तार सुरू झाली. त्या पहिल्या शंभर वर्षांत ताळा पाहण्याचे काम माणसाचे होते. महत्त्वाचे आकडे आले की घेणारा ते उलट म्हणून दाखवी आणि पाठविणारा होकार देई. यंत्राने हे काम करावे ही कल्पना १९४० च्या दशकात फान डुरेन नावाच्या डच अभियंत्याने प्रत्यक्षात आणली. समुद्रापलीकडून येणारे बिनतारी संदेश वादळी हवेत फार बिघडत. त्याने प्रत्येक अक्षराला सात खुणांचा असा संकेत दिला की त्यात एका जातीच्या तीनच आणि दुसऱ्या जातीच्या चारच खुणा असाव्यात. अशी ३५ अक्षरे बनतात, म्हणजे इंग्रजी वर्णमालेला पुरून उरतात. घेणाऱ्या यंत्राने खुणा मोजायच्या. तीन-चारचा हिशेब चुकला की ते अक्षर फेकून द्यायचे आणि आपण होऊन पुन्हा मागवायचे. चुकीचे घेण्यापेक्षा परत मागितलेले बरे, हे तत्त्व पुढे कधी सुटले नाही.

फान डुरेनच्या यंत्राला एकेक अक्षर तपासता येई. अक्षरांच्या अदलाबदलीपुढे मात्र तेही आमच्या पोस्टमनइतकेच हतबल. त्यावरचा उपाय मला शाळेतल्या गणिताने समजला. पूर्वी गुणाकार बरोबर आला की नाही हे पाहायला नवाचा ताळा घेत. अंकांची बेरीज करायची, नऊ टाकून द्यायचे, उरेल ते जुळवायचे. आता अ ला १ आणि क ला २ मानले तर अक्का होते १२२१ आणि काका होते २१२१. दोन्हींच्या अंकांची बेरीज ६. नवाचा ताळा दोघांनाही पास करतो! जुन्या पेढीवरच्या कारकुनांना हे ठाऊक असे. जमाखर्चातला फरक नवाने निःशेष भागला की कोठेतरी आकडे उलटसुलट पडले आहेत असे ते ओळखत. पण नवाऐवजी अकराने भागा. १२२१ ला बाकी उरते शून्य आणि २१२१ ला उरते नऊ. चोर सापडला. मजकुराबरोबर 'बाकी शून्य' एवढे एक टिपण पाठविले असते तर वडील कोल्हापूरला गेले नसते.

नेमकी हीच युक्ती, अर्थात पुष्कळच वरच्या गणितात, डब्ल्यू. वेस्ली पीटरसन या अमेरिकन गणितज्ञाने मांडली. संपूर्ण संदेश म्हणजे शून्य आणि एक यांची एक लांबलचक राशी समजायची, तिला ठरलेल्या भाजकाने भागायचे आणि बाकी संदेशाच्या शेपटीला जोडून द्यायची. घेणाऱ्याने तोच भागाकार करायचा. डी. टी. ब्राउन यांच्यासह त्याने १९६१ साली यावर लिहिलेला निबंध मूलभूत मानला जातो. भाजक नीट निवडला तर एकदोन बिटांची चूक तर सुटत नाहीच, पण सलग घोळक्याने झालेल्या चुकाही पकडल्या जातात. आणि वायुलहरींतील चुका नेहमी घोळक्यानेच येतात. आजही जगातील जवळजवळ प्रत्येक संगणकी संदेशाच्या शेपटीला पीटरसनची बाकी असते. १९९९ साली त्याला यासाठी जपान पारितोषिक मिळाले.

हा पीटरसन १९६४ मध्ये हवाई बेटांवरच्या विद्यापीठात गेला. काही वर्षांनी तेथेच नॉर्मन अब्रामसन आला. पॅसिफिकच्या लाटांवर फळी घेऊन स्वार होण्याचा त्याला नाद लागला होता आणि त्या नादापायी त्याने हवाईची नोकरी धरली, हे तो स्वतःच सांगत असे. (आमच्या खात्यात बदलीसाठी हे कारण चालले नसते.) मोबाइलच्या इतिहासातील मला सर्वांत आवडलेले प्रकरण इथले आहे.

हवाई विद्यापीठाचा मोठा संगणक ओआहू बेटावर आणि काही महाविद्यालये दुसऱ्या बेटांवर. मधला समुद्र आणि टेलिफोनच्या वाईट, महाग तारा. तेव्हा अब्रामसन आणि त्याचे सहकारी यांनी रेडिओलहरींवरून संगणक जोडायचे ठरविले. प्रत्येक ठिकाणाला स्वतंत्र लहर देणे म्हणजे उधळपट्टी, कारण टंकलेखन करणारा माणूस बराच वेळ विचारच करीत असतो. एकालाच वेळ नेमून द्यावी तर त्याच्याकडे पाठवायला काही नसले की ती फुकट जाते. मग त्यांनी केले काय? सगळ्यांना एकच लहर दिली आणि सांगितले, वाटेल तेव्हा बोला.

वर्गावर गेलेल्या कोणालाही यावर हसू येईल. पन्नास मुलांना 'वाटेल तेव्हा बोला' म्हटल्यावर काय होते ते आम्ही रोज पाहतो. पण त्यांनी दोन नियम घातले होते. मुख्य ठाण्याला संदेश नीट मिळाला, म्हणजे शेवटची बाकी जुळली, तर त्याने पोच द्यायची. पोच आली नाही तर पाठविणाऱ्याने समजायचे की आपला संदेश दुसऱ्या कोणाच्या संदेशावर आदळला, आणि थोडे थांबून पुन्हा पाठवायचा. किती थांबायचे? ते मनाला येईल तितके, दर वेळी वेगळे. सगळी खुबी या वेगळेपणात आहे. अरुंद दारात दोघे समोरासमोर येतात, दोघेही सौजन्याने मागे सरतात आणि दोघेही एकदम पुढे होतात, हा प्रसंग कोणाला नवा आहे? दोघांनी सारखेच थांबणे ठरविले तर ते जन्मभर आदळत राहतील. एकाने फासा टाकून तीन मोजावे, दुसऱ्याने सात. मग वाट मोकळी.

१९७१ च्या जून महिन्यात ही यंत्रणा चालू झाली. तिचे नाव अलोहा. हवाईच्या भाषेत भेटतानाही हाच शब्द आणि निरोप घेतानाही हाच. मुख्य ठाण्यावरच्या छोट्या संगणकाला त्यांनी तेथील लोककथांतल्या बुटक्या, कामसू जमातीचे मेनेहुने हे नाव दिले होते. एका संदेशात जास्तीत जास्त ८० अक्षरे, सेकंदाला ९६०० बिटांचा वेग. हिशेब केल्यावर असे दिसले की या गोंगाटातही लहरीच्या क्षमतेचा सुमारे १८ टक्के भाग कारणी लागू शकतो. लॉरेन्स रॉबर्ट्सने १९७२ साली सुचविले की बोलायचे तर घड्याळाच्या ठोक्यावरच सुरू करा, अधेमध्ये नको. तेवढ्या एका शिस्तीने आकडा दुप्पट झाला, सुमारे ३७ टक्के. हा शोध मला मुख्याध्यापक म्हणून फार बोलका वाटतो, पण ते असो.

पोच या वस्तूत एक गोम आहे. संदेश पोचला, पण पोच वाटेत हरवली तर? पाठविणारा तोच संदेश पुन्हा पाठविणार आणि घेणाऱ्याला तो दुसरा नवा संदेश वाटणार. मनीऑर्डरच्या बाबतीत असे झाले तर दुप्पट पैसे! म्हणून प्रत्येक चौकटीवर क्रमांक घालतात. तीन क्रमांकाची चौकट पुन्हा आली तर घेणारा ती टाकून देतो, पण पोच मात्र पुन्हा देतो. ताळा, पोच, वाट पाहण्याची मुदत आणि क्रमांक. या दुसऱ्या मजल्याचे भांडवल म्हणाल तर एवढेच; पुढच्या पन्नास वर्षांत त्यावर माड्या चढल्या.

अलोहाचा धडा रॉबर्ट मेटकाफने उचलला आणि १९७३ पासून त्याने संगणकांच्या तारांसाठी ईथरनेट घडविले. ती निराळी शाखा. आपली शाखा युरोपात जाते. १९८२ साली तेथील टपाल-तार खात्यांच्या परिषदेने सगळ्या युरोपासाठी एकच मोबाइल पद्धत ठरवावी म्हणून एक गट नेमला. त्या गटाच्या फ्रेंच नावाची आद्याक्षरे म्हणजे जीएसएम. पुढे त्याच अक्षरांना इंग्रजी अर्थ चिकटविण्यात आला. १ जुलै १९९१ रोजी फिनलंडचे माजी पंतप्रधान हॅरी होल्केरी यांनी या पद्धतीच्या जाळ्यावरून पहिला फोन केला. आपल्याकडे ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांच्याशी बोलून मोबाइल सुरू केला.

जीएसएमने एका लहरीचे काळाच्या हिशेबाने आठ तुकडे केले. प्रत्येक फोनला सेकंदाच्या सुमारे ५७७ दशलक्षांश भागाइतकी खिडकी. ती उघडली की बोलायचे, बंद झाली की गप्प, आणि ४.६१५ सहस्रांश सेकंदांनी पुन्हा आपली पाळी. परंतु ज्याला अजून पाळीच मिळालेली नाही त्याने पाळी मागायची कशी? त्यालाही बोलावेच लागणार. इथे युरोपातल्या विद्वानांनी हवाईची युक्ती घेतली. टॉवर एक खिडकी सर्वांसाठी उघडी ठेवतो. ज्याला गरज असेल त्याने घड्याळाच्या ठोक्यावर टकटक करावी. उत्तर आले नाही तर फासा टाकून थांबावे आणि पुन्हा ठोठवावे. आपण हिरवे बटन दाबतो आणि क्षणभर काहीच होत नाही, तेव्हा आपला फोन दार ठोठावीत उभा असतो.

या टकटकीत फक्त आठ बिटे असतात. त्यांतली बहुधा तीन 'काम काय आहे' ते सांगतात आणि उरलेली पाच म्हणजे फोनने मनाशी धरलेला ० ते ३१ मधला एक आकडा. नाव-गाव काही नाही. टॉवर उत्तर देतो, 'अमुक क्षणी ज्याने १७ म्हटले त्याने अमुक खिडकीत यावे.' आता एकाच क्षणी दोन फोनांनी १७ म्हटले तर? दोघांनाही वाटेल की आपल्यालाच बोलावले. दोघेही त्या खिडकीत जातात आणि आपापली ओळख सांगणारी पहिली चौकट पाठवितात. टॉवरला ज्याचा आवाज मोठा त्याचे ऐकू येते. आणि मग टॉवर जे ऐकले ते जसेच्या तसे उलट म्हणून दाखवितो. ज्या फोनला स्वतःचेच शब्द परत ऐकू आले तो थांबतो. ज्याला परक्याचे शब्द ऐकू आले तो निमूटपणे बाहेर पडतो आणि पुन्हा दारावर जाऊन ठोठावू लागतो. जुना तारमास्तर आकडे उलट म्हणून दाखवी तीच ही रीत.

या मजल्यावरच्या नियमावलीचे नाव लॅपडीएम. तिची वंशावळ सांगण्याजोगी आहे, कारण आमच्या इतिहासात वंशावळीशिवाय चालत नाही. १९७० च्या दशकात आयबीएम कंपनीने आपल्या संगणकांसाठी एक नियमावली केली. तिच्यावरून सर्व देशांना मान्य अशी एचडीएलसी झाली. तिच्यापासून टेलिफोनच्या डिजिटल तारांसाठी लॅपडी, आणि तिला मोबाइलसाठी काटछाट करून लॅपडीएम. शेवटचे एम म्हणजे मोबाइल. काटछाट काय केली तेही मौजेचे आहे. तारेवरून अखंड बिटांचा ओघ वाहतो, म्हणून तेथे चौकट कोठे सुरू झाली हे सांगायला शून्य, सहा वेळा एक, शून्य अशी ध्वजा लावावी लागे, आणि मजकुरात चुकून तशीच रचना आली तर मध्ये एक शून्य घुसडावे लागे. मोबाइलमध्ये खिडकीच ठरलेली, तिची सुरुवात सगळ्यांना माहीत. तेव्हा ध्वजा गेली. शेवटची बाकीही या मजल्यावरून गेली, कारण खालच्या मजल्याने ४० बिटांचा आणखी कडक ताळा स्वतःकडे घेतला. चौकट उरली २३ बाइटांची. एक पाठवा, पोचेची वाट पाहा, मगच दुसरी.

बोलण्याला मात्र हा नियम लावला नाही. फोनवर आपण 'अहो ऐकता का' म्हटले आणि त्यातला 'ऐ' बिघडला, तर तो परत मागवून तीन शब्दांनंतर मिळण्यात काही अर्थ नाही. आवाज उशिरा येण्यापेक्षा थोडा फाटका आलेला बरा. म्हणून आवाजाचे २० सहस्रांश सेकंदांचे तुकडे करतात. प्रत्येक तुकड्यात २६० बिटे. त्यांतली ५० अत्यंत महत्त्वाची, १३२ मध्यम आणि ७८ अशी की बिघडली तरी कानाला फारसे कळू नये. पहिल्या पन्नासांना ताळा आणि चिलखत दोन्ही, मधल्यांना नुसते चिलखत, शेवटची उघडी. सगळे मिळून ४५६ बिटे होतात आणि ती आठ वेगवेगळ्या खिडक्यांत वाटून टाकतात. प्रवासाला निघताना आई पैसे एका ठिकाणी ठेवीत नसे. थोडे पिशवीत, थोडे कनवटीला, थोडे माझ्या चड्डीच्या खिशात. एक खिसा मारला गेला तरी घरी यायचे भाडे उरावे. आठांपैकी एक खिडकी झाडामागे गेली तरी उरलेल्या सातांवरून शब्द सावरता येतो, तो याच हिशेबाने.

आता आपल्या लिपीची गोष्ट. छोटे लेखी संदेश, ज्यांना आपण एसएमएस म्हणत आलो, ते बोलण्याच्या वाटेने जात नाहीत. दार ठोठावणे, ओळख सांगणे यांसाठी राखलेल्या वाटेने, लॅपडीएमच्या चौकटींतून, एकेक पोच घेत जातात. पहिला संदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडात नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने पाठविला. तो नाताळच्या शुभेच्छांचा होता. संदेशाला जागा १४० बाइट, म्हणजे ११२० बिटे. रोमन अक्षराला सात बिटे पुरतात, म्हणून १६० अक्षरे बसतात. देवनागरीला किंवा कन्नडला प्रत्येक खुणेस सोळा बिटे लागतात, म्हणून फक्त ७० खुणा. त्यातही काना, मात्रा, हलन्त यांची मोजणी वेगळी. आमच्या मुलांनी मराठी रोमन अक्षरांत लिहिण्याची जी खोड लावून घेतली, तिला कळफलकाइतकाच हा हिशेबही कारण आहे असे माझे मत आहे. सत्तर खुणांनंतर दुसऱ्या संदेशाचे पैसे पडत. एक गंमत सांगतो. देवनागरीत अक्का या शब्दाला पाच खुणा लागतात आणि काका याला चार. आतेभावाची तार देवनागरीत गेली असती तर नुसत्या मोजणीनेही चूक उघडी पडली असती.

सीमाभागातल्या वाचकांना मोबाइलची आणखी एक शिस्त अनुभवाने ठाऊक आहे. टेलिफोनच्या नकाशात आम्ही कर्नाटक मंडळात, तर चंदगड महाराष्ट्र मंडळात. गोवाही त्याच मंडळात धरलेला. प्रत्येक टॉवर अखंड आपला देश आणि आपले जाळे यांचे क्रमांक पुकारीत असतो. फोन ते ऐकतो, आपल्या घरचा टॉवर मिळेल तोवर त्यालाच धरतो आणि तो विझला की शेजाऱ्याच्या दारात जातो. त्याला भाषा कळत नाही आणि राज्यही कळत नाही. मात्र एका टॉवरची हाक जीएसएममध्ये साधारण ३५ किलोमीटरपलीकडे चालत नाही, मग सिग्नल कितीही स्वच्छ असो. कारण दूरच्या फोनचे बोलणे पोचायला वेळ लागतो आणि ते पुढच्याच्या खिडकीत घुसते. म्हणून टॉवर प्रत्येक फोनला सांगतो, 'तू इतका आधी बोल.' हे 'आधी' मोजायच्या ० ते ६३ अशाच पायऱ्या आहेत, एक पायरी म्हणजे सुमारे ५५० मीटर. त्रेसष्टावी पायरी संपली की हद्द संपली. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचे घर बेळगाव जिल्ह्यात आणि रान महाराष्ट्रात. परमंडळाचे दर वेगळे होते त्या काळात घरी बसून घेतलेल्या फोनाचेही त्याला प्रवासाचे पैसे भरावे लागत. त्याची तक्रार ऐकून घ्यायला दोन्ही राज्यांत कोणी नव्हते. पुढे ते दर गेले; घर आणि रान जेथल्या तेथे आहेत.

पुढच्या पिढ्यांत फोनवरून बोलण्यापेक्षा संगणकी मजकूर जास्त जाऊ लागला आणि 'एक पाठवा, वाट पाहा' ही चाल परवडेनाशी झाली. मग एकदम अनेक तुकडे पाठवायचे आणि घेणाऱ्याने हजेरीपत्रकासारखी यादी परत द्यायची, की तीन आणि सात गैरहजर, तेवढेच पुन्हा पाठवा. पण मला खरी भुरळ पडली ती त्यानंतरच्या सुधारणेची. फान डुरेनच्या काळापासून बिघडलेला तुकडा फेकून देत. डेव्हिड चेस या अभियंत्याने १९८५ साली दाखविले की तो फेकू नये. दुसऱ्यांदा आलेली प्रतही बिघडलेली असेल, पण ती दुसरीकडे बिघडलेली असेल. दोन्ही शेजारी ठेवून एक शुद्ध प्रत काढता येते. २००२ साली तिसऱ्या पिढीच्या नियमांत ही रीत आली आणि चौथ्या-पाचव्या पिढीत तिच्यावाचून पान हलत नाही. आमच्यासारख्याला यात नवल वाटायला नको. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली ती काय निराळ्या रीतीने? काश्मीरची पोथी इथे चुकते, मल्याळी पोथी तिथे चुकते. दोन्ही समोर ठेवल्या की मूळ पाठाच्या जवळ जाता येते. तेथे सुकथनकरांना आणि त्यांच्यानंतरच्यांना जवळजवळ अर्धे शतक लागले. फोन तेच काम काही सहस्रांश सेकंदांत करतो, मात्र त्याला पाठविणारा समोर आहे आणि पुन्हा विचारता येते. व्यासांना विचारण्याची सोय नव्हती.

अब्रामसन १ डिसेंबर २०२० रोजी वारला. पाचव्या पिढीचे जाळे तोवर सुरू झाले होते आणि त्याही जाळ्यात फोन पहिल्यांदा दार ठोठावतो तो फासा टाकूनच, आणि टॉवर त्याचे शब्द त्यालाच उलट ऐकवितो.

जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद होणार अशी बातमी आली तेव्हा मी तार कचेरीत गेलो. बाहेर रांग होती. आयुष्यात कधी तार न केलेली तरुण मुले आठवण म्हणून एकमेकांना तारा करीत होती. मी पुण्याच्या आतेभावाला तार केली. तो आता निवृत्त झाला आहे. मजकुरात अक्काचे नाव घातले आणि खिडकीतल्या गृहस्थांना म्हटले, तेवढी चार अक्षरे मला एकदा म्हणून दाखवा. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, पण म्हणून दाखविली. ए, के, के, ए. मग त्यांनी पेन्सिलीने शब्द मोजले आणि पावती फाडून दिली.

चार दिवसांनी आतेभावाचा मोबाइलवर फोन आला. तार मिळाली म्हणाला. त्यानंतर दोघेही बराच वेळ काही बोललो नाही, आणि लाइन तुटली असे समजून त्याने दोनदा 'हॅलो, हॅलो' केले.